अळणी वरण

सोनबर्डीत मुलगी द्यायची झाली की पाहुणे मुलाची शेती मागाहून विचारायचे. आधी विचारायचे, "पानी कोन्या इहिरीचं पेता?"

त्यांचं विचारणं चुकीचं नव्हतं. बाळापूर सोडून पूर्णेच्या अंगाला निघालं की सगळा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, कापूस म्हणा, तूर म्हणा, हरभरा म्हणा, मागाल ते देणारी; पण तिच्या पोटात खारं पाणी. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, चहा फाटतो, आणि तुरीची डाळ दहा शिट्ट्या दिल्या तरी दाताखाली करकरते. अशा मुलखात सोनबर्डीला एक गोड विहीर होती. नाल्याच्या काठी, माणिकबाई म्हैसने यांच्या वावरात. चाळीस घरं तिच्यावर प्यायची आणि माणिकबाईंनी कधी कोणाला रहाटाला हात लावू नका म्हटलं नाही.

गावाची एक रीत होती. नवी सून आली की तिसऱ्या दिवशी तिनं त्या विहिरीचं पाणी स्वतः शेंदून आणायचं आणि त्यात घरासाठी पहिलं वरण शिजवायचं. डाळ लोण्यासारखी शिजली की सासू म्हणायची, सून लाभली. आता यात सुनेचा काय पराक्रम? पुण्याई सगळी पाण्याची. पण सासवांना शहाणपण शिकवायला जाईल असा माणूस सोनबर्डीत तरी जन्मला नव्हता.

ही विहीर बहात्तरच्या दुष्काळात पुंजाजीनं खणली. तेव्हा तो विशीतला पोरगा होता. पुढं साऱ्या पंचक्रोशीत विहीर म्हटली की पुंजाजीच लागायचा. त्याचं खणणंही जगावेगळं. खणायला उतरायच्या दिवशी तोंडात तंबाखू नाही, पान नाही, आणि भाकर खायची ती अळणी, मिठाचा कण नसलेली. जीभ कोरी पाहिजे. हातभर खणून झालं की चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा, थुंकायचा, पुन्हा पहार उचलायचा. ज्या थराची माती जिभेला चुरचुरली, तिथं काम बंद. "याच्या खाली खारं हाये. वरचं गोड पानी दुधावरच्या सायीवानी पातळ रायते, फाडू नोका." मालक म्हणायचा, अरे अजून परसभर, माणसाच्या उंचीएवढं तरी जाऊ दे. पुंजाजी सदरा घालून घरी निघून जायचा.

आपली गोष्ट आहे ती सहदेवची. सहदेव खुशालराव म्हैसने. जिल्ह्यात त्याला 'झाडभाऊ' म्हणत. काही प्रेमानं, काही दात ओठ खाऊन.

माणिकबाई सहदेवच्या चुलत काकू. तो त्यांना मोठीमाय म्हणायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि सहदेवच्या घरी चार भावंडं, त्यामुळे पोरगं जेवायला इकडं आणि झोपायला तिकडं असं वाढलं. अमरावतीला बी.एस्सी. केलं, नोकरीसाठी वणवण करण्याऐवजी धारणीकडच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवायला गेला. तीन वर्षं जीपच्या टपावर बसून मेळघाटचे रस्ते मोजले. तिथं तो एक गोष्ट शिकला, ती बी.एस्सी.च्या पुस्तकात नव्हती. साहेब खुर्चीवर बसून विचारतो तेव्हा लोक साहेबाला आवडेल ते सांगतात. जमिनीवर मांडी घालून विचारलं तर खरं सांगतात. पुढच्या सगळ्या राजकारणाचं भांडवल त्याच्याकडं एवढंच होतं. मांडी.

वडील थकले तसा तो गावी परतला. त्याच सुमारास गावाच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी गायरानावर, वीटभट्ट्या घालायचा घाट बाळापूरच्या काही वजनदार मंडळींनी घातला. साठ एकर जागा, हिवर-बोरीची झाडं, पावसाळ्यात गुडघाभर गवत, काळविटांचा एक कळप. मंडळी म्हणाली, पडीक तर आहे. सहदेवनं अर्जावर अर्ज केले, ते तहसीलच्या कपाटात विसावले. मग एका सोमवारी त्यानं गावातल्या सगळ्या बकऱ्या हाकत बाळापूरला नेल्या. दोनशे चाळीस बकऱ्या तहसील कचेरीच्या आवारात शिरल्या आणि घटकाभरात कचेरीची बाग सफाचट. तहसीलदार धावत बाहेर आले. सहदेव हात जोडून म्हणाला, "साहेब, जागा यांची हाये. म्हून यांनाच घेऊन आलो. माह्या अर्जाचं उत्तर देल्लं नाई, यांच्या तं द्या."

गायरान वाचलं. पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्याला कपबशीच्या चिन्हावर जिल्हा परिषदेत पाठवलं. त्यानंतर पक्षवाले स्वतःहून दारी आले आणि दुसऱ्या खेपेला तो पक्षाच्या तिकिटावर गेला. अकोल्याच्या सभागृहातही त्याचं तेच. मन नदीतली रेती उपसणाऱ्यांशी भांडण, शाळेच्या आवारातलं कडुनिंब तोडणाऱ्या ठेकेदाराशी भांडण. लग्नाला गेला की आहेराच्या पाकिटाऐवजी झाड द्यायचा. त्याची बायको ललिता म्हणायची, "लोकाईच्या घरी पंगत जेवता अन् त्याईले कडुनिंब देता. कडू तोंडानं कोन मत देईन?" पण मतं मिळायची. माणूस चोख होता, आणि आपल्याकडं चोख माणूस दिसला की लोक आधी हसतात, मग मत देतात.

आता त्याच्या चुकीकडं येऊ. तिच्यासाठीच ही गोष्ट सांगायची.

चार वर्षांपूर्वी नाला खोलीकरणाची मोठी योजना आली. सहदेवनं सभागृहात भांडून ती आपल्या जिल्हा परिषद सर्कलला आणली. सोनबर्डीचा नाला दोन किलोमीटर, रुंदी दुप्पट, खोली तीन मीटर. पोकलेन मशीन दिवसभर धडधडू लागलं आणि गाव उन्हातान्हात ते बघायला काठावर बसू लागलं. आठ दिवसांनी मुंबईहून मोठे पाहुणे कामाची पाहणी करायला येणार होते. सहदेवसाठी बाभळीखाली प्लास्टिकची खुर्ची टाकलेली होती, हातात नकाशा, कानाला फोन, तोंडात खर्रा. आपल्या विदर्भाचं हे तंबाखू-सुपारीचं व्यसन. झाडं वाचवणाऱ्यालाही सोडत नाही.

मशीन माणिकबाईंच्या विहिरीच्या अंगाला पोचलं तेव्हा पुंजाजी काठी टेकत आला. सत्तरी ओलांडलेली, पण चालत थेट नाल्यात उतरला. मशीनवाला ओरडला, याचं लक्ष नाही. खालची पिवळसर माती उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. मग तसाच वर चढून सहदेवसमोर उभा राहिला आणि चिमूट पुढं केली.

"भाऊ, थांबव. चुरचुर लागून राह्यली. इथून खाली जाऊ नोको."

"पुंजाजीबुवा, इहीर अलग, नाला अलग," सहदेव हसून म्हणाला. "हे वाहतं पानी हाये. वरून पाऊस येईन, साचन, मुरन. तुमच्याच इहिरीले फायदा होईन."

"तू चाखून तं पाह्य."

"आता माह्या तोंडात खर्रा हाये बुवा. मले काय लागनार?"

आसपासचे हसले. पुंजाजी नाही हसला. चिमूटभर माती त्यानं परत नाल्यात टाकली, हात धोतराला पुसले आणि घरी गेला. मशीन तीन मीटर गेलं. पाहुणे आले, फोटो निघाले, पहिल्या पावसात नाला दोन किलोमीटर काठोकाठ भरला आणि साऱ्या जिल्ह्यात 'सोनबर्डी मॉडेल' म्हणून त्याचा बोलबाला झाला. काठावर टाकलेल्या मातीच्या ढिगांवर सहदेवनं सहाशे कडुनिंब लावले. पुंजाजी त्याच हिवाळ्यात गेला. सहदेवनं त्याच्या तिरडीला खांदा दिला आणि त्याच्याही नावानं एक कडुनिंब लावला.

पुढच्या उन्हाळ्यात सोनबर्डीची डाळ शिजेनाशी झाली.

आधी लोकांनी बाळापूरच्या दुकानदाराला शिव्या दिल्या, जुनी डाळ विकतो म्हणून. मग कुकरच्या रबरांना. कोणी सोडा घालून पाहिला, कोणी रात्रभर भिजवून. पाण्याचं नाव कोणाच्याच तोंडी येईना, कारण माणिकबाईंची विहीर खारट होईल हे सोनबर्डीत सूर्य मावळतीला उगवेल म्हणण्यासारखं होतं. पण चहा फाटला, आणि चहा खोटं बोलत नाही. सहदेवनं अकोल्याहून पाणी तपासायचं यंत्र आणलं. ज्या विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांचा आकडा जन्मभर साडेचारशेच्या घरात असायचा, तो अठराशेवर गेला होता. गावात टँकर सुरू झाला.

झालं काय होतं ते सहदेवला एका क्षणात कळलं. विज्ञानाचा मास्तर होता शेवटी. तीन मीटरच्या चरानं ती साय फाडली होती. वरचं गोड पाणी चरात उतरून खाऱ्यात मिसळत होतं आणि खारं पाणी त्याच वाटेनं विहिरीकडं चढत होतं. उपाय एकच. काढलेली माती थराथरानं परत भरायची, चर बुजवायचा, आणि पुंजाजी थांब म्हणाला होता त्याच्या वरच नाला ठेवायचा. तेही मृगाच्या आधी. नाहीतर आणखी एका पावसाचं पाणी त्याच भोकातून खाऱ्यात जाणार आणि खारं आणखी वर येणार.

तो कचेरीत गेला. तिथल्या बाबूनं चष्म्यावरून बघितलं. "भाऊ, नाला खोदायला योजना आहे. बुजवायला योजना नाही. आजवर कोणी बुजवायचं मागितलंच नाही." अखेर एक फॉर्म निघाला. स्वखर्चानं, लोकसहभागातून बुजवायची परवानगी. त्यात एक रकाना होता: 'काम रद्द करण्याचे कारण'. खाली सही.

नेमकं याच वेळी पक्षात आमदारकीच्या तिकिटासाठी सहदेवचं नाव पहिलं होतं. निवडणूक दिवाळीनंतर. पक्षाचे जिल्ह्याचे अध्यक्ष गोपाळकृष्ण वकील, अकोल्यात तीन पिढ्यांची वकिली, माणूस सज्जन, बोलणं तुपासारखं. त्यांनी फॉर्म हातात घेतला आणि बाजूला ठेवला.

"सहदेवराव, विरोधक तुमच्यावर एक डाग शोधत आहेत आणि तुम्ही तो सही करून देता? सहा महिने थांबा. आमदार व्हा. मग हा एकच का, चारशे गावांच्या पाण्याचा प्रश्न तुमच्या हातात येईल. एका विहिरीसाठी चारशे गावं सोडणार का तुम्ही?"

"पन वकीलसाहेब, मृग..."

"एक पावसाळा जाईल. टँकर आहे ना? आणि फारच घाई असेल तर कारणात 'नैसर्गिक' लिहा. खोटं काय आहे त्यात? मीठ निसर्गाचंच आहे."

सहदेव फॉर्म खिशात घालून परतला, आणि अकरा दिवस तो फॉर्म त्याच्या खिशातच राहिला. खोटं कशाला सांगू, त्याला वकिलांचं पटलं होतं. चारशे गावं ही काही थोडी गोष्ट नव्हती. तो मनाशी हिशेब मांडायचा आणि दर वेळी उत्तर वकिलांचंच यायचं. फक्त त्या उत्तरानं झोप येत नव्हती.

बाराव्या दिवशी त्याला एका घरी पहिल्या वरणाचं जेवण होतं. विपुल म्हणून गावातला पोरगा, त्याचं लग्न होऊन तीन दिवस झाले होते. बायकोचं नाव आचल, अमरावतीकडची, एकवीस वर्षांची. पाणी खारट झालंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी विपुलच्या आईनं रीत सोडली नाही. बायका म्हणाल्या, "देवाच्या नावानं शेंद बाई, लाभाची असशीन तं शिजन." आचलनं मोठीमायच्या विहिरीचं पाणी आणलं, डाळ चढवली, शिट्ट्या झाल्या, कुकर उघडला. अख्खे दाणे. पुन्हा चढवली. पंगत वाट बघत बसली. तिसऱ्यांदा उघडला तेव्हा पोरगी रडायलाच लागली आणि सासू अंगणातल्या बायांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "पायगुनच असा हाये, तं दाळ तरी काय करन!"

सहदेव पंगतीत बसला होता. पानावर भात वाढलेला. तो उठून उभा राहिला.

"वहिनी, पोरीले बोलू नोका," तो म्हणाला. आवाज सभेतला नव्हता. "तिचा दोष नाई. माहा हाये. नाला मी खोदला, म्हून इहीर खारट झाली. पुंजाजीबुवा मले सांगत होता, थांबव म्हून. मातीची चिमूट माह्यासमोर धरली होती त्यानं. माह्या तोंडात खर्रा होता. मी चाखली नाई."

माणिकबाई बायकांच्या पंगतीत होत्या. पाणी गेलं ते देवाच्या मर्जीनं, असं त्यांनी आजवर मनाला समजावलं होतं. पुंजाजीनं सांगितलं होतं हे त्यांना आज कळलं. त्या हळूच उठल्या, पदर सावरला, आणि सहदेवच्या समोरून, त्याच्याकडं न बघता, घरी निघून गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं.

सहदेवनं घरी येऊन खिशातली खर्ऱ्याची पुडी उकिरड्यावर फेकली आणि फॉर्म काढला. कारणाच्या रकान्यात जागा दोन ओळींची होती. त्यानं मागच्या कोऱ्या बाजूवरही लिहिलं. 'सदर काम मी मंजूर करून आणले व करवून घेतले. खारा थर लागला असे श्री. पुंजाजी यांनी त्याच वेळी सांगितले होते. मी ऐकले नाही. त्यामुळे गावाची गोड विहीर खारट झाली.' ललितानं वाचलं. "तिकीट गेलं म्हना," ती म्हणाली, आणि पेन उचलून त्याच्या हातात दिलं, कारण सही राहिली होती.

तिकीट गेलंच. पण ते अर्जानं गेलं नाही, फोटोनं गेलं, आणि यात नियतीचा खोडकरपणा बघण्यासारखा आहे. माती परत भरायची तर ढिगांवरचे सहाशे कडुनिंब काढावे लागणार होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात, गावातले आठ ट्रॅक्टर आणि पन्नास माणसं घेऊन, सहदेवनं स्वतः लावलेली झाडं स्वतःच्या हातानं उपटली. शंभरेक गायरानात नेऊन लावली, बाकीची जगणार नव्हती. पुंजाजीच्या नावाचं झाड उपटताना तो जरा वेळ तिथंच बसून राहिला. कोणीतरी नेमका त्याच दिवसांतला एक फोटो काढला. झाडभाऊ, घामाघूम, दोन्ही हातांत उपटलेला कडुनिंब. संध्याकाळपर्यंत तो फोटो साऱ्या मतदारसंघाच्या मोबाइलवर होता. खाली ओळ: 'हाच का तुमचा पर्यावरणवादी?' गोपाळकृष्ण वकिलांचा फोन आला. ते रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "सहदेवराव, आता माझ्याही हातात काही नाही."

सहदेवला त्या क्षणी फोन ऐकायला फुरसतही नव्हती. चर बुजवताना खरा प्रश्न होता, कुठला थर कुठवर भरायचा. खारी माती वर राहिली तर सगळी मेहनत पाण्यात. नकाशात ते कुठंच नव्हतं. ते एका जिभेवर होतं आणि ती जीभ गेल्या हिवाळ्यात जळून राख झाली होती. मग सहदेवनं ललिताला सांगितलं, "माही भाकर अळनी करत जाय." पहिले चार दिवस त्याला काही म्हणजे काही लागेना, पंचवीस वर्षांच्या खर्ऱ्यानं जिभेचं चामडं झालं होतं. माती तोंडात घालायचा, थुंकायचा, चिडायचा. पाचव्या दिवशी एका ढिगाची चिमूट जिभेच्या टोकाला बारीकशी चुरचुरली. त्यानं ओरडून ट्रॅक्टर थांबवला. "हे खाली! आधी हे खाली जाऊ द्या! वर चिकन माती, तिच्या वर काळी!" पोरं चेष्टा करू लागली, भाऊवर आता माती खायची पाळी आली म्हणून. तो चाखत राहिला. मृगाचं पहिलं पाणी पडलं त्याच्या दोन दिवस आधी चर बुजला.

निवडणूक झाली, दुसराच कोणी निवडून आला. जिल्हा परिषदेची मुदतही संपली आणि सहदेव पुरता माजी झाला. माजी माणसाचं आपल्याकडं काय होतं ते ठाऊकच आहे. चहाच्या टपरीवर खुर्ची मिळते, पण कोणी उठून देत नाही. त्याला त्याचं काही नव्हतं. त्याला दर आठ दिवसांनी विहिरीवर जायचं होतं. माणिकबाईंच्या वावरात पाऊल टाकायचं म्हणजे त्यांच्या अंगणावरून जावं लागे. त्या ओट्यावर तूर पाखडत बसलेल्या असायच्या. तो म्हणायचा, "मोठीमाय, इहिरीवर जाऊन राह्यलो." त्या सूप आपटायच्या. तो बाटलीत पाणी भरायचा, यंत्र लावायचा, आकडा वहीत लिहायचा. अठराशे. साडेसतराशे. मग उन्हाळ्यात पुन्हा अठराशे.

पहिला पावसाळा गेला, डाळ शिजली नाही. गावात लोक म्हणाले, खोदायलाही हाच, बुजवायलाही हाच, मधल्या मधी आपली माती झाली. ललिता एकदा चिडून म्हणाली, "तुमाले कोनी विचारते का? कायले दर आठ दिवसाले तो आकडा लिवता?" बाकीचे दिवस तो आसपासच्या गावांत जाऊन बसू लागला, मांडी घालून. जिथं जिथं खोलीकरण मंजूर होतं तिथं सांगू लागला की आधी तुमच्या गावचा म्हातारा विहीर खणणारा शोधा, त्याला नाल्यात उतरवा, आणि तो थांब म्हणाला की थांबा. माह्यावानी करू नोका. सात गावांनी ऐकलं. ही सात गावं कोणत्या भाषणात आली नाहीत, वर्तमानपत्रात तर नाहीच.

दुसरा पावसाळा चांगला झाला. दसऱ्याला आकडा अकराशे होता. दिवाळीनंतर नऊशे. पौषात सहदेवला ताप आला आणि तीन आठवडे त्याला विहिरीवर जाता आलं नाही. वहीतले तीन रकाने कोरे राहिले, आणि तापापेक्षा त्याचीच त्याला रुखरुख.

बरा होऊन तो ओसरीत उन्हाला बसला होता. सकाळचे अकरा वाजले असतील. फाटकाची कडी वाजली. माणिकबाई आत आल्या, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पदराखाली झाकलेलं काहीतरी. दीड वर्षांपेक्षा जास्त दिवस त्यांनी या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. ललिता धावत आली, पाट टाकला. त्या बसल्या नाहीत. पदर बाजूला करून त्यांनी स्टीलची वाटी सहदेवच्या समोर ठेवली. वरण होतं. पिवळं, वर वाफ.

ललितानं मांडणीवरून मिठाचा डबा घेतला.

"मीठ नोको घालू," माणिकबाई म्हणाल्या. "तसंच खाऊ दे त्याले. पुंजाजीच्या कायद्यानं."

सहदेवनं वाटी उचलली. चमचा ललिता देत होती, तो त्यानं घेतला नाही, बोटानंच खाल्लं. डाळीचा दाणा हाताला लागला नाही. मऊ, एकजीव. त्यानं डोळे मिटले. वरण जिभेवर तसंच धरून ठेवलं, किती वेळ तरी. कुठंच चुरचुर नव्हती. नुसती तूर लागत होती, आणि तिच्यामागं थोडी गोडी, लहानपणी याच बाईच्या चुलीपाशी बसून खाल्लेली.

"किती शिट्ट्या?" ललितानं हळूच विचारलं.

"तीन."

सहदेवच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यानं ते पुसलं नाही. "मोठीमाय," तो म्हणाला, "आज तू शिजवलं माह्यासाठी?"

"मी कायले शिजवू? माहे हात चालतेत का आता?" म्हातारी अजूनही त्याच्याकडं बघत नव्हती, काठीच्या टोकानं ओसरीची फरशी टोकरत होती. "सकायी विपुलच्या घरी गेलती. त्याच्या मायले म्हनलं, सुनेले पाठव इहिरीवर. आचलनं शेंदलं, आचलनं शिजवलं. त्या पोरीचं पयलं वरण राह्यलं होतं ना."

मग त्या पाटावर बसल्या आणि ललिताला म्हणाल्या, "चहा ठेव. पानी माह्या इहिरीचं आनून ठेव, फाटत नाई."